अल्पोपाहार समिती आणि भाषा प्रयोगशाळा

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या लॅबला कुलूप लागलं, आणि या माणसाला सोडायचं नाही हे मी त्याच दिवशी ठरवलं. पुढचं सगळं मी शांतपणे केलं. राग आला की काही जणांचा आवाज चढतो. मी पेन घेऊन बसते आणि कामं ओळीने लिहून काढते.

हा माणूस म्हणजे आमचे इंग्रजीचे विभागप्रमुख. आमचं कॉलेज बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सक्तीचं इंग्रजी मी शिकवते आणि वर्गात सव्वाशे पोरं असतात. मी पाटोद्याकडची, घर शेतीचं. सर शिकले मोठ्या शहरात, आणि हे ते कुणाला विसरू देत नाहीत. मी रुजू झाले त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये ते म्हणाले होते, "मॅडमचं इंग्लिश चांगलं आहे, फक्त पाटोद्याच्या आठवडी बाजारातून आणलंय." सगळे हसले. मीही हसले. पण लक्षात ठेवलं.

लॅब म्हणजे भाषा प्रयोगशाळा. एका मोठ्या खोलीत तीस बूथ, मध्ये काचेचे आडपडदे. प्रत्येक बूथमध्ये संगणक, हेडफोन आणि हेडफोनलाच तोंडाशी येणारा माइक. समोर शिक्षकाचं टेबल, त्याला कन्सोल म्हणतात. तिथे बसून कुठल्याही बूथमधलं बोलणं ऐकता येतं, कुठलेही दोन बूथ एकमेकांना जोडून देता येतात, सगळ्यांशी एकदम बोलताही येतं. फीत कापली, फोटो निघाले, आणि पहिलं अख्खं वर्ष संगणकांवरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नाही. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "खुर्च्या तीस, पोरं सव्वाशे. तुम्हीच सांगा कसं बसवायचं." त्यांचा हिशोब तिथे संपला. माझा तिथून सुरू झाला.

आमच्या पोरांना इंग्रजी येत नाही, हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. त्यांना इंग्रजी बोलताना कुणाला दिसायचं नसतं. वर्गात एखादी पोरगी उठून "आय थिंक" म्हणाली की मागच्या बाकावरून आलंच, "बसा राणीसाहेब, इंग्लंडची गाडी सुटली." पोरगा उठला तर त्याहून वाईट, "काय बे, लई झालं का तुझं?" ती पोरगी, तो पोरगा, वर्षभर पुन्हा तोंड उघडत नाहीत. सव्वाशेच्या वर्गात कितीही समजावा, चेष्टा करणाऱ्याचं तोंड मास्तरच्या तोंडापेक्षा नेहमी जवळ असतं.

हेडफोनने हे मोडलं. मी बूथ असे जोडायचे की कोण कुणाला मिळेल ते संगणकच ठरवील. पलीकडचा आवाज खोलीतल्या कुठल्या कोपऱ्यातून येतोय ते कळायचं नाही. तेलगावच्या पोराला नेकनूरची पोरगी मिळायची, वर्षभर एकमेकांकडे न बघितलेली. नाव सांगायचं नाही हा नियम. चेहरा नाही, नाव नाही, म्हणून लाज नाही. पहिल्या महिन्यात "हॅलो, हाऊ आर यू" होतं, तिसऱ्या महिन्यात भांडणं सुरू झाली, आणि ती इंग्रजीत. मला भांडणंच हवी होती.

खुर्च्यांचा प्रश्न मी असा सोडवला. एका बूथमध्ये तिघं. एक बोलणारा, एक ऐकणारा, एक टिपणारा. एका हेडफोनच्या जागी दोन लावता येतात, त्यासाठी मोबाइलच्या दुकानात दुतोंडी पिना मिळतात, त्या आणल्या. टिपणारा चुका टिपायचा, मग तिघांची जागा फिरायची. तिसांत नव्वद बसले. उरलेले बाहेर व्हरांड्यात समोरासमोर उभे राहून तीच वाक्यं घोकायचे, आणि दर तासाला आतले बाहेर, बाहेरचे आत. माझ्याकडे याचा तक्ता होता, तो दारावर लावलेला असायचा, आणि पोरं मला विचारत नसत, तक्त्याला विचारत.

त्या तक्त्यात एक नियम सगळ्यांच्या वर होता, टोळीवाले आधी. आमच्या वर्गातली बरीच पोरं दिवाळीला आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात. काही कोयता घेतात, काही कोपीवर, म्हणजे फडाशेजारच्या पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळतात. मुकादमाची गाडी आली की ती गेली, ती परीक्षेच्या तोंडावर परत येतात. म्हणून जुलैपासून दिवाळीपर्यंत बूथमधला पहिला नंबर त्यांचा. गावातली पोरं नंतर वर्षभर आहेतच.

आणि नेमकं त्याच दिवसांत सरांनी कुलूप घातलं.

कारण मूल्यांकन समिती येणार होती. दसरा झाल्यावर बाहेरून तीन जण येऊन कॉलेज तपासणार आणि श्रेणी देणार. अशी समिती येणार म्हटलं की आमच्याकडे लग्नघरासारखं होतं. भिंती रंगतात, कुंड्या येतात, वापरातल्या वस्तू कपाटात जातात आणि कपाटातल्या बाहेर येतात. सरांनी लॅबला रंग दिला, नवे हेडफोन लावले, माझ्या दुतोंडी पिना "लोंबकळतात" म्हणून काढून खोक्यात टाकल्या, आणि चावी खिशात घातली.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, टोळीवाल्या पोरांचे हेच दिवस आहेत. दिवाळीनंतर ती नाहीत."

"मॅडम, समिती जाऊ द्या. मग वर्षभर काय ते नाचा."

"वर्षभर ती पोरं नसतील ना पण."

"मग त्यांना हेडफोन कशाला पाहिजे?" सर हसले. "उसाच्या फडात कुणाशी इंग्लिश बोलणार आहेत? उसाशी?"

समोर दोन प्राध्यापक बसले होते. तेही हसले. मी "बरं सर" म्हणाले आणि उठले.

दाराबाहेर तेलगावकडची एक पोरगी उभी होती. वर्गातली सगळ्यात भांडखोर, म्हणजे माझ्या लॅबमधली सगळ्यात चांगली. तिने आतलं ऐकलं होतं. दारावरच्या कुलपाकडे बोट करून म्हणाली, "मॅडम, कावून लावलं हे? आमी गेल्यावर उघडणार हाय का?"

"उघडेल."

"आमी हाय तवर?"

याचं उत्तर मी स्वतःला दिलं.

पुढच्या आठवड्यात समितीच्या स्वागताच्या समित्या जाहीर झाल्या. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. कुणीतरी पाहणीला येणार म्हटलं की अख्ख्या स्टाफच्या समित्या होतात. पुरुषांना सादरीकरण समिती, दस्तऐवज समिती, निवास समिती. बायकांना रांगोळी, औक्षण आणि अल्पोपाहार. कुणाची पदवी काय, कुणी वर्षभर काय केलं, याचा त्याच्याशी संबंध नसतो. भाषा प्रयोगशाळेचं सादरीकरण, विभागप्रमुख. अल्पोपाहार समिती प्रमुख, मी. सरांनी यादी माझ्यासमोर ठेवून विचारलं, "चालेल ना मॅडम? तुमचं नियोजन चांगलं असतं. चहा गरम पाहिजे बरं का."

"गरमच असेल सर," मी म्हणाले.

मग मी घरी पेन घेऊन बसले. अडचण सरळ होती. सरांना बुडवायचं होतं, पण लॅब वाचवायची होती. समितीने लॅब बंद बघितली किंवा बिघडलेली बघितली, तर फटका सगळ्या कॉलेजला बसणार, आणि पुढे लॅबला वाली उरणार नाही. म्हणून आधी सर पडले पाहिजेत, लगेच लॅब उभी राहिली पाहिजे, आणि दोन्ही एकाच खोलीत, त्याच माणसांसमोर. मधे पाणी प्यायलासुद्धा वेळ जाता कामा नये.

समितीप्रमुखाला स्वयंसेवक निवडायचा अधिकार असतो. चहा-पाण्यासाठी, खुर्च्या हलवण्यासाठी मी माझीच पोरं घेतली, जवळजवळ अख्खा वर्ग, लॅबमध्ये जुलैपासून घासलेली. टोळीवाले आधी. अल्पोपाहाराची जागाही मीच ठरवते, ती लॅबच्या व्हरांड्यात ठरवली. प्राचार्यांना कारण सांगितलं, समितीला ऊन लागणार नाही. खरंच लागत नाही तिथे. पिनांचं खोकं कुठे आहे ते शिपाई मामांना विचारून ठेवलं.

"माझ्याकडंच हाय मॅडम," मामा म्हणाले. "सर म्हन्ले भंगारात द्या. मी म्हन्लं मॅडमला लागंल."

"त्या दिवशी जवळ ठेवा."

"काय करायचं काय?"

"चहा द्यायचा मामा."

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि ते खोक्यावरची धूळ झटकायला गेले.

सरांच्या तालमी सुरू होत्या. त्यांनी तीस पोरं निवडली होती, सगळी गावातली, ओळखीच्या घरांतली, इस्त्रीच्या कपड्यातली. पोरं चांगली होती, त्यांच्यावर माझा राग नव्हता. सरांनी प्रत्येक बूथला एक उत्तर पाठ करून घेतलं होतं. सुरुवात सगळ्यांची सारखी, "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड सर, माय हॉबी इज रीडिंग," आणि पुढे बूथ चारला आईविषयी, बूथ अकराला पर्यावरणाविषयी, असं. ते बूथजवळ जाऊन उभे राहत, पोरगा उठून पाठ म्हणे, सर मान हलवत. या सगळ्या तालमींत लॅब एकदाही चालू झाली नाही. नवे हेडफोन मळतील म्हणून.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. कन्सोलसमोर ते पहिल्यांदाच बसलेले मी बघितले.

"मॅडम, स्क्रीनवरच्या या खिडक्या-बिडक्या उघडत मी बसणार नाही. एकच बटण करून ठेवा. दाबलं की चालू."

"काय चालू सर?"

"लॅब चालू! आणखी काय चालू?"

मामा खुर्च्या पुसत होते. त्यांच्यासमोर मी पुन्हा विचारलं, "म्हणजे रोज जे चालू व्हायचं, तेच ठेवते."

"हो हो, तेच. हिरवं बटण करा. मोठं."

मी मोठं हिरवं बटण केलं. आमच्या लॅबमध्ये रोज जे चालू व्हायचं ते म्हणजे जोड्या. बटण दाबलं की संगणक तीस बूथ चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन-दोन जोडतो, आणि कन्सोलचा माइक बंद होतो, कारण जोड्या बोलत असताना मास्तरने तोंड घालायचं नसतं. हे सरांना माहीत नव्हतं. वर्षभरात एकदा आत आले असते तर झालं असतं. मी दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारणं माझं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्षा दक्षिणेकडच्या, सुती साडीतल्या, केस पांढरे, कमी बोलणाऱ्या. बाकी दोघांत एक जण आपल्याच विदर्भाकडचे, मराठी कळणारे. औक्षण झालं, रांगोळीचं कौतुक झालं, आणि सगळे लॅबमध्ये आले. मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझी पोरं व्हरांड्यात.

सरांनी भाषण केलं. आपल्या कल्पनेतून ही लॅब कशी उभी राहिली, ग्रामीण विद्यार्थ्यांना आपण वैयक्तिक लक्ष देऊन कसं बोलतं केलं, वगैरे. इंग्रजी चांगलंच बोलले. ते त्यांना येतं. मग म्हणाले, आता प्रात्यक्षिक, आणि हिरवं बटण दाबलं.

तीस पोरांच्या कानात एकदम दुसऱ्या कुणाचा तरी श्वास आला. पोरांना वाटलं हीच खूण. तीसच्या तीस जणांनी सुरू केलं.

"गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड सर, माय हॉबी इज रीडिंग."

पलीकडूनही तेच आलं. म्हणून प्रत्येकाने आवाज वाढवला. पलीकडच्यानेही वाढवला. खोलीत आईही सुरू झाली, पर्यावरणही सुरू झालं, कुणी कुणासाठी थांबेना. सर माइकमध्ये म्हणाले, "बूथ नंबर फोर." माइक बंद. "बूथ नंबर फोर! फोर!" हेडफोन लावलेल्या पोराला काय ऐकू येणार? अध्यक्षा बाईंनी कन्सोलचा हेडफोन कानाला लावला. त्यांना अशा खोल्या माहीत होत्या. त्यांनी स्वतःच एक जोडी उघडून ऐकली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरीनंतर हेडफोन काढला आणि सरांना विचारलं, "सगळ्यांची हॉबी रीडिंगच आहे?"

सर घाईने बूथ चारकडे गेले, पोराच्या खांद्यावर हात ठेवला. पोराला वाटलं उभं राहायचं. तो उठला, हेडफोनची वायर ताणली, हेडफोन माइकसकट खाली पडला, आणि पोरगा तशातही म्हणत राहिला, "माय मदर इज माय फर्स्ट टीचर." विदर्भाकडचे गृहस्थ खिडकीकडे तोंड करून हसले.

मी चहा देत होते. आधी अध्यक्षांना, मग सदस्यांना, मग प्राचार्यांना. एका क्लिकवर हे सगळं थांबवता येत होतं आणि ते क्लिक माझ्यापासून दोन हातांवर होतं. मी बिस्किटाची बशी पुढे केली.

सर माझ्याजवळ आले. कपाळ ओलं झालं होतं. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, जरा बघा ना."

मी हळू बोलले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा नम्र आवाजात म्हणाले, "सर, मी अल्पोपाहार समितीत आहे. लॅब आपल्याकडे आहे."

अध्यक्षा बाईंनी मान वर केली. "काय म्हणाल्या त्या?"

विदर्भाकडच्या गृहस्थांनी भाषांतर केलं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, बघा बघा तुम्ही," पण अध्यक्षा बाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "आणि समितीत यायच्या आधी तुम्ही कुठे होतात?"

"या खुर्चीत," मी म्हणाले, तेही इंग्रजीत. पाटोद्याच्या बाजारातल्या.

"मग बसा."

मी ट्रे सरांच्या हातात दिला. ठेवायला दुसरी जागाच नव्हती, आणि असती तरी दिला असता. एका क्लिकवर जोड्या तोडल्या. तीस पोरांना माइकवरून सांगितलं, शाब्बास, आता सरकून बसा. दाराकडे बघून नुसती मान हलवली. मामा खोकं घेऊन आत आले, माझी पोरं मागोमाग. पिना लावायला त्यांना सांगावं लागत नाही. कोण बोलणार, कोण ऐकणार, कोण टिपणार हे त्यांचं त्यांनी ठरवलं. इस्त्रीवाली पोरं टिपणारी झाली. अध्यक्षा बाईंनी कपातला चहा संपवला तोवर लॅब भरली होती.

"वर्गात पोरं किती?" त्यांनी विचारलं.

"सव्वाशे. उरलेली व्हरांड्यात आहेत. दर तासाला बदलतात."

"मला एक जागा द्या."

एका बूथमधल्या पोरांना मी उठवलं आणि बाईंना तिथे बसवलं. हिरवं बटण दाबलं. बाईंना कोण मिळालं हे मी कन्सोलवर बघितलं, तेलगावकडची भांडखोर. मी ती जोडी भिंतीवरच्या स्पीकरवर टाकली, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येईल. बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या पोरांचे कान झाकलेले होते, टिपणारी वहीत वाकलेली, सगळी आपापल्या भांडणात होती. स्पीकर ऐकत होते प्राचार्य, सदस्य आणि ट्रे धरलेले सर.

"हॅलो," बाई म्हणाल्या.

"हॅलो. स्पीक लाउडली. व्हॉइस इज लो."

बाईंनी आवाज वाढवला. आपल्या गावाचं नाव सांगितलं.

"व्हेअर इज धिस? निअर केज?"

"नो, फार अवे."

"न्यू अॅडमिशन?"

"यस," बाई म्हणाल्या.

"डोन्ट फिअर. फर्स्ट टाइम एव्हरीबडी फिअर. यू आस्क क्वेश्चन, आय आन्सर. बट फास्ट. माय टर्न इज स्मॉल."

"व्हाय स्मॉल?"

"आफ्टर दिवाली आय गो शुगरकेन कटिंग. मदर, फादर, मी. अँड लॅब वॉज लॉक्ड सिन्स गणपती. टुडे ओपन."

"व्हाय लॉक्ड?"

"फॉर कमिटी," पोरगी म्हणाली. "कमिटी कम्स टु सी लॅब, सो वी कॅनॉट सी लॅब."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. मला सुचलंही नसतं.

बाईंनी मान वळवून दाराच्या कडीकडे बघितलं. पोरगी म्हणाली, "हॅलो? यू आर देअर? आस्क नेक्स्ट."

बाईंनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, तिचे आभार मानले, हेडफोन काढला आणि प्राचार्यांकडे वळून शांतपणे विचारलं, "कुलूप कुणी लावलं?"

प्राचार्यांनी सरांकडे बघितलं. सदस्यांनीही बघितलं. सरांच्या हातातला ट्रे वाजायला लागला. ती कपबशांची किणकिण मला अजून आठवते, आणि आठवली की बरं वाटतं.

समितीने अहवालात काय लिहायचं ते लिहिलं. लॅबविषयी चांगलं लिहिलं, एवढंच सांगते. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मामा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, सर लई घामाघूम झाले बरं. मी म्हन्लं, चा घ्या सर, गरम हाय. तर माझ्यावरच वरडले."

त्याच दुपारी प्राचार्यांनी चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि भाषा प्रयोगशाळेची जबाबदारी मला दिल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी निघालं. प्राचार्य म्हणाले, "आता झालं ते झालं. सरांशी जुळवून घ्या." मी "हो" म्हणाले. तेव्हापासून लॅब सकाळी उघडायची ती थेट संध्याकाळी बंद व्हायची. दिवाळीपर्यंत सगळे तास टोळीवाल्यांचे. तेलगावकडची पोरगी दोन-दोन पाळ्या बसायची आणि तिसऱ्यांदा टिपणारी म्हणून घुसायची. नवीन अॅडमिशनवाली बाई परत कधी येणार, असं तिने मला विचारलं. मी खरं सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अगं आई, मी तिला डोन्ट फिअर म्हन्ले की!"

ती दिवाळीला गेली. तिला हवे होते तेवढे तास ती बसून गेली. इथपर्यंतचं पोरांसाठी होतं. यापुढचं माझ्यासाठी.

विभागप्रमुख सरच आहेत, त्यामुळे एका तुकडीचा लॅबचा तास त्यांनाही द्यावा लागतो. नियम आहे आणि मी नियम पाळते. आमच्या गावात आठवड्यातून एका दुपारी ठरवून लाइट जाते. इन्व्हर्टर फक्त ऑफिसला आहे. सरांचा तास मी त्या दुपारी ठेवला. पोरांचं नुकसान नको म्हणून त्यांच्या तुकडीला मी सकाळी माझ्याकडे बसवते, त्यामुळे दुपारी पोरं येत नाहीत. पण वेळापत्रकात तास असला की शिक्षकाला हजर राहावंच लागतं, मस्टर असतं, आणि प्राचार्य त्या बाबतीत कडक आहेत. सर अंधाऱ्या लॅबमध्ये बसतात. पंखा बंद, संगणक बंद, समोर तीस रिकामे बूथ. मी पलीकडच्या वर्गात शिकवत असते. दार उघडंच ठेवते.

पहिले काही आठवडे ते मस्टरवर सही करून बसले. मग एकदा स्टाफरूममध्ये, कुणी नसताना, म्हणाले, "मॅडम, मला सकाळचा तास द्या की."

"सकाळी टोळीवाली पोरं आहेत सर."

"ती तर गेली."

"त्यांची जागा गावातल्या पोरांनी घेतली. तक्ता दारावर आहे, बघा ना."

"दुपारी लाइट नसते हो."

"हो का?" मी म्हणाले. "चौकशी करते."

मी खरंच चौकशी केली. लाइनमनला फोन करून विचारलं. नव्या वर्षात लाइट जाण्याचा वार बदलणार होता. तो बदलला तेव्हा मी सरांचाही तास बदलला, त्याच वारी, त्याच वेळेला. नवीन वेळापत्रक मी स्वतः नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला. आवाजात शहर उरलं नव्हतं.

"किती दिवस चालणार आहे हे मॅडम?"

"सर, मी वेळापत्रक सत्रानुसार करते," मी म्हणाले. "आपली निवृत्ती कधी आहे तेवढं सांगून ठेवा, म्हणजे मला तेवढी सत्रं आधीच आखून ठेवता येतील."

त्यांनी वेळापत्रकाची घडी घातली. मी घंटा ऐकली आणि तासाला गेले.